ट्रॅक्टर कुणी थांबवला

स्टेअरिंग आपोआप फिरताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. माझा आवाज पलीकडच्या वर्गालाही पुरतो असं शाळेतले सहकारी म्हणतात, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती.

ट्रॅक्टर आमचाच होता, रान आमचंच, आणि सीटवर बसलेला माणूस माझा नवरा. जून महिना, जमिनीला पेरणीजोगा वापसा आलेला, मागं सोयाबीन पेरायचं यंत्र जोडलेलं. सगळं रोजच्या ओळखीचं. फक्त यजमानांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांच्यासमोरचं स्टेअरिंग केसभर डावीकडं, केसभर उजवीकडं असं स्वतःच हलत होतं. ढेकूळ आलं, पुढचं चाक जरा सरकलं, की स्टेअरिंग लगेच त्याला जागेवर आणायचं. घाई नाही, झटका नाही. मी चप्पल हातात घेऊन बांधावर उभी होते ती तशीच उभी राहिले.

आता हे सगळं आमच्या घरी का आलं ते सांगते. माझे यजमान गावात पेरणीसाठी नावाजलेले. त्यांनी पेरलेल्या रानाच्या ओळी रस्त्यावरून जाणारी माणसं एसटीच्या खिडकीतून बघत. आमच्याकडं वाकडी ओळ लपत नाही. उगवली की पीक निघेपर्यंत ती रस्त्याला दिसत राहते आणि चहाच्या टपरीवर तिची चेष्टा होते. ह्यांची ओळ कधी वाकडी गेली नाही, त्यामुळे आमचं अर्धं सास्तूर गाव पेरणीला ह्यांचीच वाट बघायचं. मग एका सकाळी त्यांना लकवा मारला. उपचार झाले, व्यायाम झाला, पाय पुष्कळ सुधारला. बोलणं आलं, पण शब्द एकेक ओढून काढावा लागायचा. उजव्या हातात मात्र पकड आली नाही.

आणि एका हातानं पेरणी होत नाही. तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, टोकाला आलं की एका हातानं स्टेअरिंग धरायचं आणि दुसऱ्या हातानं हायड्रोलिकचा दांडा ओढून पेरणी यंत्र वर उचलायचं. डावा हात दांड्याला नेला की स्टेअरिंग सुटतं. स्टेअरिंग धरलं की दांडा राहतो. आम्ही ड्रायव्हर ठेवला. तो ट्रॅक्टर चालू करायचा तेव्हा यजमान उठून घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसायचे. हा माणूस पुन्हा सीटवर बसेल का आणि बसला तर गाव त्याला रान देईल का, एवढ्याच प्रश्नावर आमच्या घरातला सगळा श्वास अडकला होता.

माझा धाकटा भाऊ लोहारा गावाकडं शेती करतो. त्यांच्या शेतकरी गटानं ट्रॅक्टरला आपोआप वळवणारा एक संच सगळ्यांत मिळून आणला होता. त्याचा फोन आला, "अक्का, दाजींना स्टेअरिंग धरायचंच न्हाय. निस्तं बसायचं, आन् दांडा वढायचा." मी म्हटलं, चेष्टा करायला दुसरं कुणी मिळालं नाही का? पण डॉक्टरांनी पायाची ताकद तपासून होकार दिला आणि पेरणीच्या तोंडावर भाऊ संच घेऊन हजर झाला. सोबत तो बसवणारा तंत्रज्ञ. त्यानं ट्रॅक्टरच्या टपावर जेवणाच्या ताटाएवढी एक पांढरी चकती बसवली, तसलीच दुसरी बांधावर तिपाईवर ठेवली, स्टेअरिंगखाली एक मोटर आणि समोर एक पडदा. आभाळातल्या उपग्रहांना विचारून ट्रॅक्टर आपली जागा ओळखतो, एवढंच मला समजलं. मी मान वर करून पाहिलं. ढग होते, एक घार होती. त्याच्याही पलीकडं, दिसत नाही इतक्या उंचीवर काहीतरी फिरतंय आणि आमच्या रानातलं चाक बोटभर सरकलं तरी त्यावरून समजतंय, हे मनात आलं आणि अंगावर काटा आला. मुलांना मी वर्षानुवर्षं उपग्रह शिकवलाय. तो आमच्या बांधावर उतरेल असं कधी वाटलं नव्हतं.

संच बसवणाऱ्यानं एक गोष्ट दोनदोनदा सांगितली होती. हे यंत्र फक्त सरळ रेघ धरतं. समोर काय आहे ते त्याला दिसत नाही, ते बघणं ड्रायव्हरचं काम. यजमानांनी ते लक्ष देऊन ऐकलं. बाकी गावानं नाही ऐकलं, कारण तोवर स्टेअरिंग हलायला लागलं होतं.

बांधावर जत्रा जमली. ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, "चालवतंय कोण ह्याला?" मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. मी रोज वडापच्या जीपनं शाळेला जाते. ड्रायव्हर एका हातानं तंबाखू मळत चालवतो, दाराला माणसं लोंबकळतात, तरी आम्ही बायका निवांत डुलक्या काढतो. कारण तो कुणाचा, त्याचं घर कोणतं, त्याची आई कशी आहे, हे आम्हाला ठाऊक असतं. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. ह्या स्टेअरिंगला दार कुठलं?

तेवढ्यात चाचा आले. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं मोठं रान आहे. वय झालंय, पण पाठ ताठ. उभ्या आयुष्यात त्यांनी बैलजोड्या पाळल्या, आणि त्यांनी पारखलेला बैल घरच्यांना न दाखवताही लोक घ्यायचे. त्यांच्या घरची एक जुनी रीत होती. नवी जोडी औताला जुंपायची, आणि बैल चालत असताना तासात पाठमोरं बसायचं. चांगला बैल माणसावर पाय टाकत नाही, तो अलीकडं थांबतो. न थांबणारी जोडी चाचा दारात उभी करत नसत. त्यांच्या वडिलांनी असं केलं, त्यांनीही केलं.

चाचांनी बराच वेळ ट्रॅक्टर निरखला. तो एक ओळ पेरत गेला, दुसरी पेरत आला. मग कुणाला काही न सांगता ते रानात उतरले, चालत्या ट्रॅक्टरच्या समोर गेले, पाठ केली आणि पेरायच्या मातीत मांडी घालून बसले.

मला ओरडायचं होतं. मी चप्पल टाकून रानात उतरले. तंत्रज्ञ पलीकडच्या टोकाला होता, तो हात हलवत धावत सुटला. बांधावरची माणसं मात्र शांत होती, उलट कौतुकानं बघत होती, कारण जो ट्रॅक्टर स्वतःहून रेघ धरतो त्याला माणूस दिसत नाही हे त्यांच्या मनातही येत नव्हतं. बैल रेघ धरतो आणि माणूसही ओळखतो. मग हा का नाही ओळखणार?

ट्रॅक्टर चाचांच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबला.

बांधावर टाळ्या पडल्या. "वळकलं! माणूस वळकलं त्यानं!" चाचा उठले, पायजम्याची माती झटकली, आणि बॉनेटवर बैलाच्या वशिंडावर मारावी तशी थाप मारली. "जनावर चांगलं हाय," ते म्हणाले. "बेटा, उद्या माझं रान घे." चाचांनी म्हटल्यावर बाकीचे मागं राहतात होय? "आमचं बी", "आमचं बी वड्याकडलं घ्या" असं चारी बाजूंनी सुरू झालं. दीड वर्ष ज्याची वाट बघत होतो ते सगळं एका दमात समोर आलं. माझे डोळे भरले. मनातल्या मनात मी येडेश्वरीला हात जोडले आणि येरमाळ्याला पायी येईन असंही म्हणून टाकलं.

यजमान सीटवर तसेच बसून होते. चेहरा पांढरा पडला होता. उजवा पाय अजून ब्रेकवर दाबलेला. त्यांनी तोंड उघडलं, शब्द आला नाही. पुन्हा उघडलं.

"चाचा," ते म्हणाले, "त्यानं... न्हाय थांबवलं. म्या थांबवलं. बिरेक मारला."

कुणाला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा ओढून ओढून सांगितलं, "त्याला माणूस... दिसत न्हाय. निस्ती रेघ दिसतीया."

चाचा त्यांच्याकडं बघत राहिले. "म्हंजी तुझं ध्यान नसतं तर?"

"तर तुमी गेला असता."

बांधावरचा आवाज बंद झाला. चाचांनी बॉनेटवरचा हात काढला, चपला शोधल्या आणि आपल्या रानाकडं निघून गेले. हळूहळू बाकीचेही पांगले. जाताजाता कुणीतरी म्हणालं, "आंधळं हाय की मग." उद्याच्या रानाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आम्ही आमची तेवढी पेरणी उरकली. संच अजून नीट हाताळून बघायचा म्हणून हंगामभर तुमच्याकडंच राहू द्या, असं सांगून भाऊ गेला.

संध्याकाळी चहा ठेवताना माझा पारा चढला. "तुमाला कुणी इचारलं होतं का?" मी म्हणाले. "थांबला ट्रॅक्टर. चाचा वाचले. सगळ्यांनी बघितलं. दोन दिवसांनी सांगितलं असतं निवांत, तर आभाळ कोसळत होतं काय?" मी भांडी आपटली, ती आपटायची गरज नव्हती. यजमानांनी माझं सगळं होऊ दिलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, "दोन दिवसात... कुणाचं तरी लेकरू बसलं असतं. त्याच्या म्होरं."

मी हातातलं भांडं हळूच खाली ठेवलं. वर्गात दिवसभर मी खरं बोला, खरं बोला म्हणून मुलांना दटावते. इथं ज्याला एक वाक्य बोलायला घाम फुटतो त्या माणसानं, हातात आलेलं सगळं जाणार हे दिसत असताना, सगळ्या गावासमोर तेच खरं तीन वेळा सांगितलं होतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम होतं.

गावाचं मात्र मी चुकीचं म्हणणार नाही. आमच्या माणसांचा विश्वास लवकर बसत नाही, त्याला कारण आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात सगळं जमीनदोस्त झालं तेव्हा मी शाळेत जायच्या वयाची होते. नवं गाव वसलं, पक्की घरं मिळाली, भिंती हलणार नाहीत असं मोठमोठ्या माणसांनी येऊन सांगितलं. लोकांनी मान डोलावली, घरात धान्य आणि भांडी ठेवली आणि स्वतः अंगणात पत्र्याखाली राहिले. माझी आई कितीतरी वर्षं छताखाली पाठ टेकायला तयार नव्हती. तिला कुणी पटवून दिलं नाही. एकदा जवळून जड ट्रक गेला, भांडी खणखणली, भिंत तशीच राहिली. पुन्हा कधी वारं सुटलं, भिंत तशीच. असं होता होता एका पावसाळ्यात तिनं अंथरूण आत ओढलं. त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

सोयाबीन उगवलं त्या सकाळी यजमानांनी मला हाक मारली. दव होतं, ऊन तिरपं पडलं होतं. मी बांधावर गेले आणि पुन्हा एकदा जागीच उभी राहिले. कोवळ्या दोन-दोन पानांच्या ओळी या बांधापासून त्या बांधापर्यंत गेल्या होत्या, आणि कुठंही, अगदी कुठंही, एक ओळ दुसरीच्या जवळ आली नव्हती की लांब गेली नव्हती. हातानं, नजरेनं, बैलानं, ट्रॅक्टरनं पेरलेली रानं मी जन्मभर बघितली. असं रान बघितलं नव्हतं. आभाळातून कुणीतरी दोरी धरली होती आणि ती दोरी आमच्या मातीत उगवली होती. फक्त चिंचेच्या झाडाखाली ओळी थोड्या नागमोडी होत्या. झाडाखाली उपग्रह सापडेनात तेव्हा यंत्र शिटी वाजवून स्टेअरिंग सोडून द्यायचं, आणि तेवढा तुकडा यजमानांनी डाव्या हातानं रेटून नेला होता. मला ते बघून वाईट वाटलं. त्यांना वाटलं नसावं, कारण बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी तोच तुकडा दाखवायचे.

आणि लोक यायचे. रस्त्यावर मोटरसायकली थांबायच्या. सगळे वा वा करायचे आणि निघून जायचे. रान कुणी देत नव्हतं.

चाचा मात्र यायला लागले. कधी कोळपणीच्या दिवसांत, कधी नुसतेच, बांधावर येऊन बसायचे आणि यजमानांना विचारायचे, "अजून काय येत न्हाय त्याला?" यजमान सांगायचे. झाडाखाली आंधळं होतं. तिपाई हलली तर रेघ हलते. उतारावर जरा घसरतं. आपण पेंगलो तर त्याला कळत नाही. चाचा ऐकायचे, मान हलवायचे, पुढच्या वेळी आणखी एखादं विचारायचे. मला वाटलं, मस्करी चाललीय. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा न राहवून म्हणाले, "चाचा, खोडीच इचारता सगळ्या. एखादा गुण बी इचारा की."

"सूनबाई," ते म्हणाले, "गुण तर सगळ्यांस्नीच दिसतो. बैलबाजारात म्या उमर घालवली. खोड लपवून बैल इकणारे लई बघितले. आपणहून खोड सांगणारा आजवर एक बी भेटला न्हाय." कपातला चहा संपवून ते उठले. यजमान खाली बघत होते.

सोयाबीन निघालं, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, हरभऱ्याच्या पेरणीला रान तयार झालं. एका दुपारी चाचा दारात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्या माझं रान घे." जूनमध्ये म्हणाले होते तेच शब्द. यजमानांनी त्यांना बसवलं आणि जणू पहिल्यांदाच सांगतोय असं सगळं पुन्हा सांगितलं. ट्रॅक्टर चालू असताना रानात कुणी पाय टाकायचा नाही. तुमच्या लिंबाखाली मी हातानं नेणार, तिथं ओळ वाकणार.

"वाकू दे," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो. मी बांधावर थांबले. चाचा धुऱ्यावर, रानाच्या कडेला, उभे होते. इथं हे सांगायला हवं की पेरणी चालू असताना मालक रान सोडत नाही. तो यंत्रामागं चालतो, पायाच्या बोटानं माती उकरून बी पडलंय का बघतो, दोन ओळींतलं अंतर बघतो, कटकट करतो. चाचा तर त्यात सगळ्यांचे गुरू. यजमानांचे दोन्ही हात धडधाकट होते त्या काळातही ते प्रत्येक ओळीला मागं फिरायचे आणि दिवसभर वाद घालायचे. म्हणून मी मनाची तयारी करूनच गेले होते.

तिपाई लावून ऊन चढल्यावर ट्रॅक्टर सुरू झाला, चारदोन वेळा गेला, आला. चाचांनी एकदाही माती उकरली नाही. मग त्यांनी उन्हाकडं बघितलं, खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि मला म्हणाले, "जुम्मा हाय. नमाजला जातो. तिकडून घरी जाऊन जेवतो, मंग जरा आडवा होतो." आणि ते चालू लागले. बांधावरून वाटेला लागले, वाटेनं गावाकडं. मागं वळून बघतील म्हणून मी बघत राहिले. ते वळले नाहीत.

यजमान टोकाला आले, डाव्या हातानं दांडा ओढून यंत्र उचललं, ट्रॅक्टर थांबवला.

"चाचा कुठं निघाले?"

"नमाजला. आता दुपार ढळल्यावर येतील."

"मागं कुणाला ठिवलं?"

"कुणालाच न्हाय."

ते त्या वाटेकडं बघत राहिले. चाचांची पांढरी टोपी लांब गेली होती. डाव्या हाताच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग मान वळवून सबंध रान नजरेखालून घातलं. पुढं बघितलं, मागं बघितलं, लिंबाखाली बघितलं. रानात चिटपाखरू नव्हतं. मी बोलता बोलता चाकाजवळ आले होते तेवढीच.

"तू बी बांधावर जा," ते म्हणाले.

मी गेले. त्यांनी मला पार बांधावर चढू दिलं, तिथं उभी राहिलेली बघितलं, आणि मगच ट्रॅक्टर पुढं सोडला.